भिंतीवरची काच

स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या भेगेवर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी आठ दिवसांत मधोमध तडकली होती. पाया अजून खचतो आहे का, हे पाहायला इंजिनिअरने ती लावली होती. खचत होता. घर माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं. पुढच्या दोन खोल्यांना नव्या फरश्या बसल्या होत्या. मागचं स्वयंपाकघर जुनंच, आणि त्यावर आता मुलासाठी मजला चढवायचा होता.

"माझंच चुकलं हो साहेब," सुमन म्हणाली. "पूर्वी मी इथंच भांडी घासायचे. दादानं सांगितल्यापासून सगळं पाणी बादलीनं अंगणापलीकडे नेते."

काच ताण आला की तडकते, लपवत नाही. माणसाला मात्र वर्षानुवर्षं खोटं पेलता येतं, कारण त्याचं ओझं दुसऱ्याच्या कमरेवर टाकता येतं. सुमनची कंबर आता वाकली आहे.

हे घर मीच उभं राहून बांधून घेतलं होतं. चूल आग्नेयेलाच हवी, म्हणून तिथली विहीर राडारोडा टाकून बुजवली आणि कुणाला सांगितलं नाही. पुढे भेग पडली, तेव्हा दोष सुमनच्या खरकट्या पाण्याला दिला.

त्या दिवशी तिच्यासमोरच मी इंजिनिअरला हे सांगितलं.

"मग मजला विसरा," तो म्हणाला. "ही खोलीही रिकामी करा, भिंत कधीही कोसळेल."

तो गेल्यावर सुमनने कोपऱ्यातला पाट उचलला. मग म्हणाली, "दादा, जेवून जा. पाट त्या भिंतीखालीच मांडते."

मी बसलो. तिने सावकाश, आग्रह करकरून वाढलं.