नव्याण्णवांची राखण

माझे पप्पा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात चर्चचे पाळक होते. उभा जन्म त्यांनी मेंढपाळाच्या गोष्टी सांगितल्या आणि उभ्या जन्मात एका मेंढराला हात लावला नाही. धनगरांचे कळप आमच्या दारावरून जायचे, पण एकदा त्यांच्यातलं एक कुत्रं पप्पांच्या सायकलमागे असं काही लागलं की तेव्हापासून कळप दिसला की पप्पा आडवाट धरायचे. त्यांना माहीत होता तो कॅलेंडरवरचा मेंढपाळ. गुलाबी गाल, पांढराशुभ्र झगा आणि खांद्यावर कोकरू, तेसुद्धा शांपू लावून आणल्यासारखं.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे हरवलेल्या मेंढराची. एका मेंढपाळाची शंभर मेंढरं असतात, त्यातलं एक हरवतं. तो नव्याण्णव रानात सोडतो आणि त्या एकाला शोधायला निघतो. सापडलं की खांद्यावर घालून आणतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. मेंढपाळ म्हणजे देव आणि हरवलेलं मेंढरू म्हणजे वाट चुकलेला माणूस. पप्पा ही गोष्ट अशी सांगायचे की म्हाताऱ्या बाया पदराने डोळे पुसायच्या.

मी सहा-सात वर्षांची असताना संडेस्कूलमध्ये हात वर करून विचारलं, "पण पप्पा, बाकीच्या नव्याण्णवांकडे कोण बघतं? लांडगा आला तर?" सगळी पोरं खो खो हसली. पप्पांनी माझा कान पिळला. फार जोरात नाही, पण पिळला. प्रश्न मात्र डोक्यातून काही गेला नाही, कारण पुढे घरातच मला तो रोज भेटायला लागला.

आम्ही दोघी बहिणी. माझं नाव बाप्तिस्म्याच्या वेळी पप्पांनीच मोठ्या हौसेने ठेवलेलं, पण धाकटी जन्मली आणि त्या दिवसापासून मी नुसती "मोठी" झाले. मोठे, पाणी आण. मोठे, तिला खेळू दे. मोठे, तू समजूतदार आहेस ना? समजूतदार! या शब्दाचा मला येतो तेवढा राग शिवीचाही येत नाही. धाकटी कॉलेजात असताना घर सोडून गेली. पप्पा तिला शोधत पुण्याला गेले, सुरतेला गेले, चपला झिजवल्या. ती परत आली, भांडली, पुन्हा गेली, पुन्हा आली. दर वेळी घरात सण. मटण काय, शेजाऱ्यांना बोलावणं काय! मी तेव्हा स्वयंपाकघरात मसाला वाटत असायचे. आता धाकटी नाशकात सुखाने नांदतेय, माझा तिच्यावर जीव आहे, आणि तरी तिचा फोन आला की पप्पांचा चेहरा उजळतो तसा माझ्या फोनने कधी उजळला नाही.

मी इकडे आखातात, अल अमेरातला राहते. एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त काढते. नवरा गॅरेजमध्ये फोरमन आहे. आई गेल्यापासून पप्पा गावी एकटेच, म्हणून गेल्या हिवाळ्यात मी हट्टाने त्यांना इकडे आणलं. व्हिसा मी काढला, तिकीट मी काढलं, विमानतळावर हार घेऊन मी उभी राहिले. गाडीत बसल्यावर पप्पांचं पहिलं वाक्य: "पोचलो म्हणून धाकटीला कळवलंस का?"

घ्या!

मला त्यांच्याकडून फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, त्यांनी धाकटीकडे बघतात तसं माझ्याकडे बघावं. बावन्नाव्या वर्षी हे सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

आमची मराठी मंडळी शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या आवारातल्या एका हॉलमध्ये जमतात. आमच्या आधी मल्याळी, आमच्यानंतर तमिळ, मधला वेळ आमचा. पप्पा आलेत म्हटल्यावर त्यांना पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी उपदेशाला बोलावलं. पप्पांची कळी खुलली. कोणती गोष्ट सांगणार हे विचारायचीही गरज नव्हती. पण आता त्यांना एक नवीनच खूळ लागलं. अरबांच्या देशात आलोच आहे, तर खराखुरा मेंढपाळ बघूनच बोलणार.

अल अमेरातला शेळ्यांना तोटा नाही. आमच्या गल्लीतच दहा-बारा फिरतात. कचऱ्याच्या पेटीतले पुठ्ठे खातात, गाड्यांच्या सावलीला रवंथ करत बसतात. पप्पा स्वेटर-कानटोपी घालून त्यांच्या मागे मागे. (इथल्या थंडीला थंडी म्हणायचं तर फ्रीजला हिमालय म्हणावं लागेल, पण कानटोपी काही सुटली नाही.)

"यांचा मेंढपाळ कुठाय गं?"

"यांना लागत नाही पप्पा. संध्याकाळी आपल्या आपण घरी जातात."

पप्पांनी त्या शेळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं. मग हताश होऊन म्हणाले, "म्हणजे माझा उपदेश खलास." आठवडाभरात एवढं अरबी ते शिकले होते.

शनिवारी नवरा म्हणाला, चला, डोंगराकडे जाऊ, तिकडे मिळेल एखादा. मी बाजरीच्या भाकरी केल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि निघालो. रुस्ताक गाव ओलांडल्यावर गाडी वादीत उतरली. वादी म्हणजे नदीचं कोरडं पात्र, दोन्हीकडे तपकिरी डोंगर आणि मध्ये गोटेच गोटे. एका वळणावर मधोमध एक म्हातारी उभी. अंगावर फुलाफुलांचं लुगड्याएवढं कापड, गळ्यात मोबाइल, हातात काठी. मागे शेळ्या-मेंढ्यांचा भला मोठा कळप. तिने काठी आडवी धरून आमची गाडी थांबवली.

"मेंढपाळ!" नवरा म्हणाला.

"बाई आहे ती," पप्पा म्हणाले. मग जरा निरखून, "आणि यात शेळ्याच जास्ती आहेत."

"पप्पा, चालवून घ्या," मी म्हणाले.

म्हातारीला आमच्या या चर्चेशी काही देणंघेणं नव्हतं. तिने वर बोट दाखवलं. कड्याच्या मध्यावर एका खोबणीत करडू अडकलं होतं आणि जिवाच्या आकांताने ओरडत होतं. गॅरेजमध्ये शिकलेल्या अरबीवर नवऱ्याने तिच्याशी बोलणं केलं. गुडघ्यांमुळे तिला चढवत नव्हतं, तरी ती निघालीच होती, फक्त बरोबर कुणीतरी हवं होतं. नवरा बूट आवळायला लागला. आणि पप्पा? वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, कुत्र्याला घाबरणारे पप्पा कानटोपी सारखी करत म्हणाले, "मी पण येतो. माझीच गोष्ट आहे ही."

"पप्पा, पाय मोडेल!"

"हाजी, यल्ला!" म्हातारी ओरडली. यल्ला म्हणजे चला, आणि हाजी म्हणजे आमचे पाळकसाहेब. त्यांनीही खुशाल ओ दिली आणि निघाले. जाता जाता म्हातारीने माझ्या हातात एक डबा कोंबला. आत सुके खजूर आणि बारीक वाळकी मासळी. डबा कसा खुळखुळवायचा ते दाखवलं, कळपाकडे बोट केलं, आणि गेली.

मी वादीत उभी. एकटी. समोर तो सगळा कळप माझ्याकडे बघतोय. मला एकदम हसूच फुटलं. अख्खा जन्म मला छळणारा प्रश्न, आणि त्याचं उत्तर म्हणून डबा हातात घेऊन उभी कोण, तर मीच!

हसू फार टिकलं नाही. गळ्यात घंटा असलेल्या एका थोराड शेळीने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सरळ चालू लागली. तिच्यामागे निम्मा कळप. मी डबा खुळखुळवत धावले, तर सगळा कळप उलटा फिरून माझ्याच अंगावर. एकीने ओढणी धरली. एक गाडीच्या बॉनेटवर चढून उभी राहिली. मागचं दार उघडं राहिलं होतं, तिथून एका बोकडाने भाकरीचं फडकं ओढलं आणि चटणीसकट भाकऱ्या खाऊन वर ठसका लागला म्हणून माझ्याकडेच रागाने बघितलं. "मेल्या, तुला कुणी सांगितलं होतं नगरची चटणी खायला?" मी घसा फोडून ओरडत होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला असावा, कारण हळूहळू सगळ्या माझ्याभोवती गोळा झाल्या आणि बसल्या.

मग मीही एका धोंड्यावर बसले. वर कड्यावर तीन ठिपके चढताना दिसत होते. सगळ्या शेळ्यांचे कान तिकडे लागलेले. घंटावाली तर मानच वळवेना. मी तिला म्हणाले, "गेली गं बाई ती. त्या एकासाठी गेली. तू आपली बस इथे, तू समजूतदार आहेस ना?" आणि हे बोलता बोलता मला रडू आलं. भर दुपारी, परक्या देशात, शेळ्यांच्या घोळक्यात बसून मी चांगली हुंदके देऊन रडले. आजूबाजूला कुणी नव्हतं तेच बरं.

वरून आरोळी आली तेव्हा मी घाईघाईने डोळे पुसले. पप्पा येत होते. खांद्यावर करडू! हुबेहूब कॅलेंडर, फक्त झग्याच्या जागी उसवलेला स्वेटर, गुलाबी गालांच्या जागी खरचटलेले गाल, आणि करडाने पाठीवरून सोडलेली धार पार पायजम्यापर्यंत. पप्पा लहान मुलासारखे हसत होते. इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मलाही भरून आलं.

"फोटो काढ, फोटो काढ! धाकटीला पाठव!"

काढला. पाठवलाही. दात आवळून.

तेवढ्यात म्हातारीने पप्पांच्या खांद्यावरून करडू उतरवलं, त्याच्या आईपुढे ठेवलं, आणि त्याच्याकडे पुन्हा बघितलंही नाही. ती कळपात शिरली. आधी घंटावालीपाशी गेली. तिचा कान दोन बोटांत धरून हलकेच चोळला आणि तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी म्हणाली. मग दुसरीपाशी. मग तिसरीपाशी. दर वेळी कान हातात आणि दर वेळी वेगळा शब्द. आमच्या भाकऱ्या खाल्लेला बोकडही सुटला नाही.

"काय करतेय ती?" पप्पांनी विचारलं.

नवऱ्याने तिला विचारलं. ती हात न थांबवता बोलली.

"नावं घेतेय, पप्पा. एकेकीचं नाव. म्हणते, मागे राहिलेल्या झालान होतात." झालान म्हणजे नाराज. हा शब्द नवऱ्याला पक्का ठाऊक, कारण त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, कायमच झालान असतो. "रुसतात म्हणे. नावाने हाक मारली नाही तर संध्याकाळी दूधच देत नाहीत."

 म्हातारीचं शेवटच्या मेंढीपर्यंत होईतो पप्पा तिथेच उभे राहिले, पायजमा ओला तो ओलाच. मग म्हातारीने मोबाइलवर कुणाला तरी हाक घातली. पलीकडच्या घरांतून दोघी जणी थर्मासमधून काहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि ताटभर खजूर घेऊन आल्या, आणि त्या वादीतल्या गोट्यांवर बसून आम्ही जो काही आनंद केला म्हणता! हाजींचं कौतुक तर विचारूच नका. त्यांच्या वाटीत खजूर संपूच दिले नाहीत. परतीच्या वाटेवर पप्पांनी डोळे मिटून घेतले होते. दमले असतील, असं मला वाटलं.

शुक्रवार आला. मी मागच्या रांगेत बसले. ती गोष्ट मला पाठ आहे, कुठे थांबतात, कुठे आवाज खाली आणतात, सगळं. पप्पा उभे राहिले, जय ख्रिस्त म्हणाले, आणि सुरू झाले. शंभर मेंढरं. एक हरवलं. मेंढपाळ निघाला. सापडलं, खांद्यावर घेतलं, शेजारीपाजारी आले, आनंद झाला. इथे आमेन येतं. लोकांनी तोंडं उघडलीसुद्धा होती.

पप्पांनी हात वर केला. "थांबा. गोष्ट संपली नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका लहान मुलीने मला विचारलं होतं, बाकीच्या नव्याण्णवांचं काय? मी तिचा कान पिळला. का, तर मला उत्तर येत नव्हतं."

 त्यांना आठवत होतं! इतकी वर्षं त्यांना आठवत होतं!

"परत आल्यावर मेंढपाळ काय करतो, ते मी इथे येऊन पाहिलं," पप्पा म्हणाले आणि व्यासपीठावरून खाली उतरले. मधल्या वाटेने एकेक पाऊल टाकत शेवटच्या रांगेपर्यंत आले. सगळी मंडळी माना वळवून बघत होती. दारात तमिळ मंडळी आपली वेळ झाली म्हणून ताटकळत होती, तीही बघायला लागली. पप्पा माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी माझा कान दोन बोटांत धरला. तोच कान. हलकेच चोळला, वाकले, आणि माझं नाव घेतलं. मोठी नाही. त्यांनीच ठेवलेलं माझं नाव, पूर्ण.

आणि मी, बावन्न वर्षांची बाई, भर सभेत "ओ" म्हणाले.