आबांना चालू दिलं नाही

"आजोबांना हार्ट अटॅक आलाय," ईसीजीची पट्टी बघत अँब्युलन्समधल्या डॉक्टर म्हणाल्या. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबणं.

आबा, माझे आजोबा, म्हणाले, "पन छातीत तर दुखत न्हाई."

"वय झालं, त्यात शुगर असली, की कधीकधी छातीत दुखतच नाही."

सकाळी त्यांचा जबडा दुखत होता, दम लागत होता, सदरा घामाने भिजला होता. पित्त म्हणून ते सोडा मागत होते. मी अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "बसवून ठेवा. अजिबात चालू देऊ नका." चालण्याने हृदयावर ताण येतो.

पण आमच्या वस्तीत गाडी येत नाही, कमानीपाशी थांबते. तिसगावातले बाकीचे रस्ते झाले, आमचा तेवढा राहिला. का राहिला, हे मी वस्तीतर्फे काढते त्या प्रत्येक पत्रकात विचारते.

कमानीपर्यंत उचलून नेऊ म्हटलं, तर आबा उठायला लागले. "चौघांनी उचलायचं ते मेल्यावर. आजून जित्ता हाय मी!"

आबांनी देव सोडले, उपास सोडले. मांजर आडवं गेलं तरी हसतात. हा एकच अपशकुन त्यांनी धरून ठेवला होता.

शेजारचे सलीमभाई बुद्धविहारातली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. "आबा, जल्मभर जयंतीच्या सतरंज्या उचलल्या. आज अध्यक्षाची खुर्ची आलीय, बसा गुमान."

आबांना हसू आलं. ते बसले. चौघांनी खुर्ची उचलली.

गाडीत डॉक्टरांनी आधी अ‍ॅलर्जी, रक्तस्राव विचारला, मग अ‍ॅस्पिरिन चावायला दिली. ही गोळी रक्ताची गुठळी वाढू देत नाही. ती घरी मनाने देऊ नका, विचारून द्या. नगरच्या रुग्णालयाला त्यांनी वाटेतूनच कळवलं. पोचताच अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे तुंबलेली नळी आतून उघडली. आम्ही बाहेर बाकावर बसून होतो. डॉक्टर येऊन म्हणाले, "वेळेत आणलंत." त्यात त्या खुर्चीचा वाटा होता, फोनवरच्या बाईंचाही. त्यांचं नावही मला माहीत नाही.

आबा घरी आले. रस्ता अजून झालेला नाही, पत्रकं चालू आहेत.

गेल्या महिन्यात सलीमभाईंच्या आईला तसाच घाम सुटला. गाडी कमानीपाशी आली, तर त्या चालायला निघाल्या. "उचलायला काय माझी मय्यत हाय?"

आबांनी खुर्ची पुढे सरकवली.

"मी बसून गेल्तो, भाभी. चालत आलोय. बसा."