मधातलं बोलणं

नितीन सोमकुवरच्या हाताला सफाई होती आणि ती सफाईच त्याला नडली.

महाराष्ट्राच्या सीमेलगत, मध्य प्रदेशातल्या सौंसरला एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. माणसाच्या मेंदूत भाषा कशी चालते याचा तिथे अभ्यास होतो. या भागातला माणूस घरात मराठी बोलतो, कचेरीत हिंदी आणि बाजारात एकाच वाक्यात दोन्ही. असलीच माणसं त्यांना हवी होती. आलेल्याच्या डोक्यावर तारांची जाळीदार टोपी चढवायची, कानात वाक्यं ऐकवायची आणि मेंदूतले तरंग पडद्यावर टिपायचे. अर्धी वाक्यं सरळ असतात. उरलेली शेवटाला मुद्दाम बिघडवलेली, म्हणजे ‘बाईने कढईत छत्री तळली’ अशी. छत्री ऐकली की माणूस हसायच्या आधी त्याचा मेंदू दचकतो, आणि ते दचकणं मोजायचं. शिकलेली माणसं यात दिवस घालवतात हे नितीनच्या घरच्यांना बरेच महिने खरं वाटलं नव्हतं.

नितीन तिथे साहाय्यक. टोपी बसवणं त्याचं काम, आणि भरलेल्या आवाजातून खोकला, खाकरणं, खुर्चीची करकर कापून काढणं हेही त्याचंच. पहिली वाक्यं एका शहरी बाईंच्या आवाजात भरली होती. ती ऐकून बोरगावचे एक आजोबा टोपीसकट उठले आणि म्हणाले, “बातम्या कायले लावून राहिले?” तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख अमिता मॅडम म्हणाल्या की आवाज इथलाच हवा. नितीनने छाती पुढे काढून आपल्या आईचं नाव सुचवलं.

त्याची आई चंद्रकलाबाई पांढुर्ण्याला अंगणवाडीत मदतनीस होती. तिने जाम नदीच्या अलीकडे हाक मारली की पलीकडच्या सावरगावातली पोरं पाटी उचलायची, असं शेजारी सांगत. त्यात मीठमसाला असेल, पण थोडाच. तिचा नवरा मोतीराम नगरपालिकेत नळ सोडायच्या कामावर होता. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तरी डोक्यावरून पाणी. दोघांच्या वाटचं बोलणं चंद्रकलाबाईनेच केलं, आणि चाळीस वर्षांत मोतीरामने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

ती ठेवणीतलं निळं लुगडं नेसून बसने सौंसरला आली. भिंतींना गाद्या लावलेल्या छोट्या खोलीत तिला बसवलं आणि हातात एकशे वीस वाक्यांचे कागद दिले. सूर वर-खाली न करता, सपाट वाचायचं, एवढंच सांगितलं होतं. पण सपाट वाचायला ती काय रेल्वेस्टेशनवर गाड्या पुकारणारी बाई होती?

“संत्र्याच्या झाडाला चपला लागल्या,” तिने वाचलं आणि कागद खाली ठेवला. “चपला लागल्या असंन तं बरंच झालं बाबू. तुया बाबाच्या तुटल्या हायेत. दोन तोडून आणजो.”

“आई, मधात बोलू नको. लिहिलं तेवढंच वाच.”

“हाव, वाचतो न. बाईने कढईत छत्री तळली. अवं माय! अन् तेल कोन देईन हिले?”

काचेपलीकडे मॅडम तोंडावर हात ठेवून हसत होत्या. नितीनला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली आई गावंढळ दिसून राहिली, एवढंच त्याच्या डोक्यात. एका दुपारचं काम तीन दुपारी चाललं. तिसऱ्या दिवशी तो काचेवर हात मारून म्हणाला, “आई, गप्प बस न थोडा वेळ!” आणि चंद्रकलाबाई खरंच गप्प बसली. उरलेली वाक्यं तिने सांगितल्याप्रमाणे सपाट वाचली, आणि परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली.

नितीनने आठ दिवस बसून कापणी केली. वाक्य ठेवायचं, आजूबाजूचं उडवायचं. हसणं गेलं, टोमणे गेले, ‘बाबू, पानी पेला का?’ गेलं. नियम असा की वाक्यांपलीकडचं खासगी बोलणं ठेवायचं नाही, मूळ ध्वनिफिती पुसून वहीत तशी नोंद करायची. नितीनने पुसल्या आणि झोकात सही ठोकली. इतकं स्वच्छ काम मी पाहिलं नाही, असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा गडी दोन दिवस हवेत होता.

पुढच्या थंडीत चार दिवसांचा ताप आला आणि चंद्रकलाबाई गेली.

वर्ष झालं. तिच्या आठवणीच्या, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आठवडा राहिला असताना मोतीराम नितीनजवळ येऊन बसला. “बाबू, तिचा आवाज ऐकव न. तुया त्या मशीनीत हाय न.”

घरात तिचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. तिच्याजवळ साधा बटणांचा फोन. नितीनच्या लग्नाच्या व्हिडिओत ती दिसते, पण वर गाणं चढवलेलं. नितीन दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेला आणि जुन्या डिस्का, कचऱ्याच्या पेट्या सगळं उपसलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! मॅडमनी वही काढून दिली. पुसल्याच्या नोंदीखाली त्याची ती झोकदार सही होती.

“मी तरी थांबवायला हवं होतं तुला,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “वाक्यं आहेत ती घेऊन जा, माझी परवानगी आहे.”

पांढुर्ण्याच्या घरी सकाळच्या उन्हात मोतीराम खाटेवर बसला, फोन कानाशी धरून. आधी सरळ वाक्यं वाजली. त्याचा चेहरा हलला नाही. परकी बाई बोलत असावी तसा तो ऐकत होता. मग आलं, “संत्र्याच्या झाडाला चपला लागल्या.”

मोतीराम थांबला. त्याने फोनकडे पाहिलं. “पुढं?”

“पुढं काही नाही, बाबा.”

“असं येडंबागडं वाचून ते गप्प कशी राह्यली?”

नितीनने हात लांबवून फोन थांबवला. “राह्यली नव्हती. मी कापलं. तुमच्या चपला तुटल्या हायेत, दोन तोडून आणजो म्हने.”

मोतीरामच्या तोंडावर वर्षभरात पहिल्यांदा हसू आलं. त्याने पायाकडे पाहिलं. “हाव. तुटल्याच होत्या. वाजव. तुयी माय वाचीन, मंग तू सांगजो.”

आणि तसं सुरू झालं. फोनमधली चंद्रकलाबाई वाचायची, थांबायची, आणि नितीन तिच्या वाटचं सांगायचा. कढईचं आठवलं. मास्तरांनी फळ्यावर ताक लिहिलं, त्याचंही आठवलं. मग फोन म्हणाला, “म्हाताऱ्याने आपल्या चहात छप्पर घातले.”

हा तुकडा नितीनला चांगला माहीत होता. या वाक्यानंतर ती सगळ्यात जास्त हसली होती. पडद्यावर तिच्या आवाजाच्या रेघेने उठवलेला तो उंच डोंगर आणि त्यामागच्या टेकड्या त्याच्या डोळ्यांसमोर जशाच्या तशा होत्या. अकरा सेकंद होते. कुठून कुठवर कापलं तेही आठवत होतं. बोलणं बाबांबद्दल होतं एवढंच आठवत होतं. शब्द आठवत नव्हते, कारण खोलीत ते त्याने लाजेने कानाआड केले होते आणि कापताना ऐकलेच नव्हते.

“काय म्हने?” मोतीरामने विचारलं.

“तुमच्याबद्दल म्हटलं होतं काहीतरी, बाबा. अन् लय हसली.”

“काय पन?”

काहीतरी रचून सांगता आलं असतं. पण चाळीस वर्षं जो माणूस फक्त ऐकतच आला, त्याला तिचं बोलणं आणि आपलं बोलणं ओळखू आलं असतं. नितीनने मान हलवली.

मोतीरामने तेच वाक्य पुन्हा लावायला सांगितलं, आणि संपल्यावर फोन कानाला तसाच धरून ठेवला.