पायरीवरची फणी

बेंगळुरूच्या ज्या अनाथाश्रमात मी शिवण शिकवायची, तिथे साठ सालच्या सुमारास परदेशातून एक बाई मुलींची सेवा करायला आल्या. मुली त्यांना अक्का म्हणत. कुठलंही काम सांगा, अक्का कानडीत ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणून लगेच बाह्या वर करत. दुपारी मुलींच्या उवा काढताना प्रत्येक उवेला त्या आपल्या भाषेत काहीतरी सुनावत. मीही शेजारी बसे, पण स्वतःच्या डोक्याला पदर घट्ट गुंडाळून.

व्हायचं तेच झालं. अक्कांच्या पिवळ्या केसांत उवा झाल्या. उवांपायी जिचं डोकं आश्रमात आल्याआल्या भादरलं होतं, अशा एका मुलीच्या हातात त्यांनी फणी दिली आणि तिच्यापुढे पायरीवर बसल्या.

तेवढ्यात आश्रमाचे अध्यक्ष आले. आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. मुलगी घाबरून फणी टाकणार, तोच अक्कांनी तिचा हात धरला.

“अक्का, उठा की,” मी कुजबुजले.

“त्यांना स्वल्प थांबू दे. ही काम करते आहे.”

अध्यक्ष उन्हात थांबले. मुलीने सगळे केस सावकाश विंचरले, फणी पुसली आणि माझ्याकडे पाहिलं.

“आता तुमचं, टीचर.”

मी पदर सोडला आणि खालच्या पायरीवर जाऊन बसले.