अहिल्याबाईंची शाबूत काच

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत नेत्रदानाचे फॉर्म मी भरून घेते. शाळा आठवीपर्यंत, डोळ्यातलं जे कळतं ते डॉक्टरांशी भांडून शिकलेलं. त्यातलं निम्मं मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या अहिल्याबाई साळव्यांनी शिकवलं. सरकारी कचेरीत तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर, साठीनंतर काचबिंदूनं पार आंधळ्या.

काठी टेकत त्या फॉर्म मागायला आल्या, तेव्हा मी तोंडावर विचारलं, तुमचे डोळे कुणाच्या कामाचे? त्यांनी चाचपून खुर्ची ओढली.

"लाइन तुटली म्हणून चांगला फोन भंगारात टाकतेस का गं?"

मग माझीच शाळा घेतली. पुढे पारदर्शक काच, तिला पारपटल म्हणायचं. मागे रंगीत बुबुळ. उजेड बघून ते मधली बाहुली लहानमोठी करतं. मग भिंग, ते मागच्या पडद्यावर चित्र पाडतं. तिथून नस मेंदूला खबर देते. काचबिंदूनं त्यांची नस मारली होती. दुसऱ्याला बसवतात ती पुढची काच, आणि ती शाबूत होती. मी डॉक्टरांना विचारून आले. बाई बरोबर होत्या. त्यांचा फॉर्म भरून घेतला.

मे महिन्यात एका दुपारी त्या गेल्या. मी पोचले तर उकाडा म्हणून सुनेनं पंखा फुल सोडलेला आणि बाईंचे डोळे अर्धे उघडे. वाऱ्यानं काच सुकते. आधी पंखा बंद केला, पापण्या मिटून ओला कापूस ठेवला. काच काढायला हाताशी सहा तास. त्यातले तीन मुलगा अविनाश फरीदाबादहून येईपर्यंत गेले, आणि आल्यावर तो सही करेना. जन्माचे हाल झाले, आता तरी आईला हात लावू नका, म्हणाला. शिवाय आंधळीचे डोळे घेऊन कोण काय करणार?

शिवी ओठांवर आली होती. पण हाच प्रश्न मीही विचारला होता. म्हणून बाईंचं फोनचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं.

"आई असं म्हणाली?" त्यानं पेन मागितलं.

नेत्रपेढीचा माणूस आला. कापूस काढून त्यानं टॉर्च धरला. "बिल्कुल साफ है."

"मुझे भी दिखाइए," अविनाश म्हणाला. आंधळी झाल्यापासून आईच्या डोळ्यांत बघायचं तो टाळत आला होता. आता वाकला, आणि टॉर्च विझेपर्यंत बघत राहिला.