साहेबाला न दिसलेली भेग

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आयुष्यभर शाळेत सायन्स शिकवलं. कुणी अमानवीय अनुभव सांगायला बसलं, की मी पाणी प्यायचं निमित्त करून उठायचो. तरी आज लिहितोय, कारण माझी बहीण गंगू गेल्या वर्षी वारली आणि ही गोष्ट डोळ्यांनी पाहिलेला आता मी एकटाच उरलोय. यात भूत नाही, हडळ नाही. एक भिंत आहे आणि एक विमा कंपनी आहे… दोघींपैकी मला जास्त कुणी छळलं, ते तुम्हीच ठरवा.

काळ निजामाच्या राज्याचा. पोलीस ॲक्शनला अजून दोन-तीन वर्षं होती. आज गारखेड्यात रिकामा प्लॉट मिळत नाही, पण तेव्हा ते औरंगाबादच्या बाहेरचं लहानसं गाव होतं. शहर आणि आमच्यामध्ये नुसती ज्वारीची रानं. आमचं घर गावाच्या पश्चिम टोकाला, अगदी शेवटचं. आम्ही मूळचे मेंढरांमागं हिंडणारे लोक. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घोंगड्यांचा व्यापार सुरू केला आणि दगडमातीच्या भिंती उभारून वर पत्रे टाकले. आमच्या घराण्यातलं हे पहिलं घर. घरात घोंगड्या आणि लोकर गच्च भरलेली असायची, म्हणून शहरातल्या एका व्यापाऱ्यानं आप्पांना गळ घालून घराचा विमा उतरवायला लावला — आग, वीज आणि वादळ. आप्पांना त्याचं मोठं कौतुक. पाहुण्यांना सांगायचे, "आता वारं येऊ दे न्हाय तर वीज पडू दे, कंपनी बघून घील."

वैशाखात एका दुपारी ते वारं आलं. आधी धूळ, मग गारा, आणि मग असा आवाज की जणू कुणी घराच्या डोक्यावरून ट्रक नेतंय. पत्रे एकेक करून उडाले. आम्ही कणगीच्या आड बसून राहिलो म्हणून वाचलो. वारं थांबल्यावर पाहिलं, तर वर नुसतं आभाळ, आणि मधल्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खाली भेग. साधी चीर नव्हे. माझा हात मनगटापर्यंत आत जायचा. संध्याकाळी त्यातून उन्हाची पट्टी येऊन समोरच्या भिंतीवर पडायची. मायनं त्यात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला.

उर्दू आणि इंग्रजी येणारा घरात मी एकटा. नुकताच मिडल स्कूलवर मास्तर झालो होतो. त्यामुळं विम्याचं लचांड माझ्या गळ्यात पडलं. शहरात कंपनीची एका खोलीची कचेरी होती आणि तिथं एक मुन्शी बसायचा. त्यानं अर्ज घेतला, वाचला, परत दिला.

"तारीख गलत है."

वादळ आमच्या लेखी वैशाखात झालं होतं. सरकारी फसली सालाप्रमाणं तो 'तीर' महिना, म्हणून मी तीर लिहिलं. पण कंपनीला इंग्रजी मे पाहिजे. मे लिहून नेला, तर गावच्या पाटलाच्या दाखल्यावर तीर! "दोनो में फरक है," मुन्शी म्हणाला. मी म्हटलं, वादळ एकच आहे हो! तो म्हणाला, "वो आप बोलरे."

अर्ज एकदाचा लागला तेव्हा नवीन फर्मान निघालं. साहेब येऊन मुआयना, म्हणजे पाहणी, करेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. उडालेले पत्रेसुद्धा पडले तिथंच राहू द्यायचे. ते पडले होते शेजारच्या गफूरचाचांच्या रानात. पाऊस तोंडावर आला होता, चाचांना वखर घालायचा होता. रोज सकाळी ते बांधावर येऊन ओरडायचे, "मास्तर, तुझे पत्रे उगवायची वाट बघू का मी?" आम्ही आभाळाखाली स्वयंपाक करायचो, घोंगड्यांवर घोंगड्या टाकून माल झाकायचो, आणि मी शाळा सुटली की शहराकडं पायपीट करायचो. साहेब आज जालन्याला गेलेत. साहेब आजारी आहेत. साहेब परवा येतील.

शेवटी साहेब आले. जाफर साहेब, हैदराबादचा माणूस. काळी शेरवानी, हातात छत्री, स्वभावानं सज्जन वाटला. छप्पर पाहिलं, चाचांच्या रानातले पत्रे पाहिले. मग मी त्यांना मधल्या खोलीत नेलं.

"कां है दरार, मास्टर साब?"

मी बोट दाखवायला हात उचलला आणि तसाच राहिलो. भेग नव्हती… बुजवलेली, लिंपलेली असंही नाही. मायनं दिवाळीत दिलेला पांढऱ्या मातीचा हात जसाच्या तसा, सलग होता. मी भिंतीवर हात फिरवला. ओला पोचारा नाही, काही नाही. आप्पा माझ्याकडं बघताहेत, मी मायकडं बघतोय.

"सकाळी व्हती," माय म्हणाली. "म्याच बोळा कोंबला."

"बोळा कां है?"

बोळाही नव्हता. जाफर साहेबांनी छत्री उघडली, टांग्यात बसले आणि जाता जाता मला म्हणाले, "आप तो पढ़ेलिखे आदमी हैं."

माझ्या कानशिलात मारली असती तर परवडलं असतं. टांगा वेशीपाशी दिसेनासा झाला आणि आतून मायची हाक आली. मी आत गेलो. भेग होती. वरपासून खाली. लुगड्याचा बोळाही तिथंच.

मी काय केलं असेल? घाबरलो? नाही हो, मला संताप आला! दगड उचलून भिंतीवर मारावा असं वाटलं. रोजची पायपीट, उन्हाचा त्रास, डोळ्यांवरचा ताण… मी स्वतःला सगळी कारणं देऊन पाहिली. पण आम्हा तिघांचे डोळे एकदम कसे बिघडतील? गफूरचाचांना बोलावलं. त्यांनी भेगेत हात घालून पाहिला आणि म्हणाले, "एवढी मोठी दिसत न्हाय? साहेबाला चष्मा द्या."

मग पुन्हा अर्ज, पुन्हा मुन्शी. दुसऱ्यांदा मुआयना होत नसतो, म्हणे. मी हातापाया पडलो. गंगू पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती आणि घरात निजायला धड जागा होती ती तेवढी मधली खोली. शेवटी जाफर साहेबच कंटाळून हो म्हणाले.

त्या दिवशी मायनं सकाळीच भेगेत हात घातला आणि भिंतीला टेकून बसली. "बघते आता कशी बुजते ती. म्या हात काढणारच न्हाय." भाकरी खाल्ली तीही एका हातानं. दुपारी टांगा वाजला. साहेब आत आले. मायचा हात सपाट भिंतीवर टेकलेला होता, लहान मूल थोपटताना ठेवावा तसा.

ती स्वतःच दचकली. "कधी भायेर आला… मला कळलंच न्हाय."

साहेब या वेळी रागावले नाहीत. त्यांना बहुतेक आमची दया आली. "अम्मा, आराम करो," एवढंच बोलले. कंपनीचा शेरा आला — भिंत शाबूत, मागणी संशयास्पद, सबब छपराची भरपाईही नामंजूर. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. बाजारात आमच्या शब्दावर माल मिळायचा, आणि इथं शिक्क्यानिशी खोटारडे ठरलो होतो.

पुढचा भाग मला आजही समजत नाही. त्या दुसऱ्या मुआयन्यानंतर भेग परत आलीच नाही. साहेब गेले, आम्ही वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी पाहिली… भिंत गुळगुळीत. दगडू गवंड्यानं घणाच्या दांड्यानं जागोजाग ठोकून पाहिलं आणि सांगितलं, "लई भक्कम हाय. हिला काय धाड भरलीय?" उधारउसनवार करून आम्ही रानातले पत्रे आणले, वाकलेले सरळ केले, छप्पर घातलं. पाऊस सुरू झाला. गंगू आली. तिची बाज त्याच भिंतीला लावली, कारण त्या बाजूला गळत नव्हतं. खरं सांगू? मला सुटल्यासारखं झालं. गेली ना कटकट, मग कशी का गेली असेना.

आणि एका दुपारी जाफर साहेब पुन्हा दारात. प्रकरण बंद झाल्याच्या कागदावर आप्पांचा अंगठा राहिला होता. आप्पांनी त्यांना ओट्यावरच बसवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. साहेबांनी सहज आत पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"मास्टर साब… ये कब हुआ?"

"काय?"

"दीवार! अरे, उस तरफ का झाड़ दिखरा इसमें से!"

मी पाहिलं. भिंत होती. पांढरी, सलग. भिंतीला लागून बाज, बाजेवर गंगू पडलेली, दिवस भरलेले.

आप्पांचा आवाज चढला. "आमची थट्टा लावली का साहेब? आम्ही दाखवत व्हतो तवा तुम्हाला दिसली न्हाय. आता लेकीबाळींच्या खोलीत डोकावून भेग दिसती व्हय?"

मीही भडकलो. इतक्या आठवड्यांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं — मुन्शी, तारखा, तो शेरा, सगळं. साहेब माझं ऐकतच नव्हते. परक्या घरात बायकांच्या खोलीकडं मान वर करून न पाहणारा तो माणूस सरळ आत शिरला आणि त्यानं भिंतीवर हात ठेवला. आम्हाला तो हात भिंतीवर टेकलेला दिसत होता. पण त्यांनी तो मागं घेतला तेव्हा बोटं चिखलानं बरबटलेली होती, ओल्या, काळ्या चिखलानं. भिंत कोरडी होती.

"बच्ची को बाहर निकालो. अल्ला के वास्ते," ते म्हणाले.

आप्पा त्यांच्या खांद्याला धरून बाहेर ओढायला लागले. तेवढ्यात माय मध्ये आली.

"सोडा त्यांना. त्यांना दिसतंय."

"तुला दिसती का?"

"मला न्हाय दिसत. मला दिसत व्हती तवा त्यांना दिसली का? तरी व्हतीच ना ती? ऊठ गंगे."

गंगूला उठवत नव्हतं. एका बाजूनं मायनं, दुसऱ्या बाजूनं मी असं धरून आम्ही तिला अंगणात आणलं आणि गोठ्याच्या आडोशाला बसवलं. बारीक पाऊस होता. भिंत उभीच होती. आम्ही सगळे वेड्यासारखे आपल्याच घराकडं बघत उभे. बराच वेळ काही झालं नाही. आप्पा पुटपुटत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "आता बास झालं," म्हणून आप्पा दाराकडं निघाले, तर साहेबांनी त्यांना मागून कवेत धरलं. दोन पोक्त माणसं पावसात झोंबत होती… आणि त्यांच्यादेखत ती भिंत आत कोसळली. वारा नाही, हादरा नाही. धुरळा बसला तेव्हा बाजेचा एक खूर तेवढा दगडांतून वर दिसत होता.

गंगूला कळा तिथंच सुरू झाल्या. गफूरचाचांच्या घरात, त्यांच्या बायकोच्या हातून ती मोकळी झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आता कंपनीचं ऐका. मी पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं, भिंत पावसानं पडली, वादळानं नव्हे, आणि पावसाचा विमा नाही! जाफर साहेबांनी मात्र जे घडलं ते सगळं वरिष्ठांना जसंच्या तसं कळवलं. भेग आपल्याला दिसली, घरच्यांना दिसली नाही, असंसुद्धा. त्यावर त्यांचीच चौकशी लागली. मुन्शीनं मला हळूच सांगितलं, "साब का दिमाग फिर गया बोलरे." थोड्याच दिवसांत ते नोकरीत नव्हते. आमची भिंत आम्हीच बांधली. पाया खणताना दगडूला काहीच वावगं सापडलं नाही, ना पाझर, ना बीळ.

राज्य बदललं. त्यानंतर काही वर्षांनी शाळेची सहल घेऊन मी खुलताबादला गेलो होतो. दर्ग्याच्या रस्त्यावर एका लहानशा दुकानात जाफर साहेब बसलेले दिसले. दाढी पांढरी झाली होती. त्यांनी मला ओळखलं, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. आधी गंगूच्या मुलीची चौकशी केली. ती शाळेत जाते म्हटल्यावर फार आनंदले. मग म्हणाले,

"मास्टर साब, एक बात सच बोलना. पहली दो बार दीवार साबुत थी ना? मैं झूठा नहीं था."

"तुम्हाला साबुत दिसली साहेब. आम्हीही खोटे नव्हतो."

"और तीसरी बार… आपको सच्ची नै दिखी?"

"नाही. शपथेवर सांगतो."

"फिर बाहर क्यूं आये आप लोगां?"

"मायनं तुमचं ऐकलं म्हणून."

त्यांनी मान हलवली. दुकानात गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानंच थांबायला सांगितलं. "मेरे घर में भी किसीने नहीं माना," ते म्हणाले. "बीवी ने भी नै."

मी विज्ञान शिकवलंय. ओल, दाब, माती फुगणं, डोळ्यांचा भास, सगळं मांडून पाहिलं. त्यातून भिंत का पडली हे सांगता येतं. कुणाला केव्हा दिसावं हे कुणी ठरवलं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. त्या दिवशी जाफर साहेबांनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. बस सुटेपर्यंत ते रस्त्यावर उभे होते.