ब्लोअरला लावलेला विहिरीचा स्टार्टर

ब्लोअरचा स्टार्टर शेडच्या मागच्या भिंतीला, बाहेरच्या बाजूनं होता आणि कटिंग मशीन पुढच्या दाराशी. मधे तीस-पस्तीस पावलं. आमच्या शेडमध्ये कपाटं बनतात, शाळेची बाकं बनतात, किचनच्या ट्रॉल्या बनतात. कापताना उडणारा भुसा जाड पाइपांतून ओढून मागच्या पिशव्यांत भरायचा, एवढंच त्या ब्लोअरचं काम. पण एक फळी कापायला लागतात दोन मिनिटं. दोन मिनिटांसाठी कोण बाहेर जाऊन बटण दाबणार, परत येणार आणि पुन्हा बंद करायला जाणार? कोणीच जात नव्हतं. भुसा उडायचा. भुवयांवर बसायचा, डब्यातल्या भाजीवर बसायचा, चहावर साय धरावी तसा धरायचा.

कापायचं काम मामांचं. ते दौंडजवळचे, साठीला टेकलेले. अख्ख्या शेडमध्ये कटिंगला हात लावायची मुभा त्यांनाच. एमडीएफच्या फळीचा भुसा पिठासारखा बारीक, तो सगळा त्यांच्या तोंडावर. सकाळी आले की पहिला अर्धा तास ते नुसते खोकत. एका हातानं मशीनला धरून, वाकून. मी ऐकत बसायची.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. कापून आलेल्या फळीच्या कडेला प्लास्टिकची पट्टी चिकटवायची, जादा उरलेली छाटायची. माझं माहेर-सासर दोन्ही यवतमाळच्या पलीकडे. शाळा सातवीतच सुटली. नवरा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामाला लागला म्हणून इकडे आलो. आल्यावर सहा महिने मी खोलीत एकटी. गॅस बंद केला का, कडी लावली का, पुन्हा जाऊन पाहायची, पुन्हा येऊन बसायची. त्या खोलीतून मला बाहेर काढलं ते शेडच्या मालकांनी, आप्पांनी. त्यांनी विचारलं, "ताई, काय काम येतं?" मी खरं ते सांगितलं, काही येत नाही. ते म्हणाले, "बरं झालं. ज्याला येतं त्यो ऐकत न्हाई." आणि मामांनी मला चार दिवसांत पट्टी लावायला शिकवली. हे दोघं नसते तर माझं काय झालं असतं, हा विचार अजूनही माझ्या डोक्यात येतो आणि आला की लवकर जात नाही.

मामा माझ्या बोलण्याची नक्कल करत. मी म्हणायची, "मामा, काहून खोकून राहिले इतके?" तर ते म्हणायचे, "काहून म्हंजी? हौस म्हणून खोकून ऱ्हायलोय." सगळे हसायचे. मीही. पण बटण दाबायला कोणी उठायचं नाही.

एकदा पुण्याहून मशीनवाला आला होता. त्यानं सांगितलं की आता असा स्विच मिळतो, कटिंग मशीन सुरू झालं की ब्लोअर आपोआप सुरू होतो, बंद झालं की थोड्या वेळानं आपोआप बंद. किंवा खिशात ठेवायचा रिमोट. आप्पांनी ऐकून घेतलं आणि तो गेल्यावर म्हणाले, "ह्यात नवीन काय हाय? मी तळेगावच्या बाजारात मेथी निवडता निवडता वडगावची मोटर चालू करतो."

ते खरं होतं. आप्पांचं शेत वडगाव रासाईला, नदीच्या काठी, शेडपासून कितीतरी लांब. तिथल्या विहिरीवर त्यांनी मोबाईलचा स्टार्टर बसवला होता. डब्यात सिमकार्ड. फोन लावायचा, एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. तसलाच एक जुना डबा त्यांच्या घरी पडून होता. गावातल्या वायरमननं तो आणून ब्लोअरला जोडला. त्यात माझा आणि आप्पांचा नंबर घातला. मामांचा नाही घातला, कारण त्यांना म्हणे त्या बाईशी बोलायची लाज वाटायची.

ती बाई म्हणजे डब्यातला आवाज. मी फोन लावला की ती अगदी गोड बोलायची, "नमस्कार, शेतकरी बंधू." आणि मी एक दाबलं की मागच्या भिंतीवर खटकन आवाज होऊन ब्लोअर घोंघावू लागायचा. मामांनी फळी उचलली की मी फोन उचलायची. पंधरा दिवसांत शेडमधली फरशी दिसायला लागली. मला इतकं भारी वाटायचं की मी घरी आईला फोन करून सांगितलं, माझ्या मोबाईलवर मशीन चालतं. आई म्हणाली, शॉक नाही ना बसणार.

त्या डब्याची सेटिंग मेसेज पाठवून करायची होती. सोबतचं पुस्तक इंग्रजीत. वायरमन घाईत होता. तो म्हणाला, "आप्पांच्या विहिरीला जी हाय तीच टाका, मेसेज फॉरवर्ड करा." आप्पांनी त्यांच्या फोनमधला मेसेज मला पाठवला. इंग्रजी अक्षरं, मधे आकडे, स्वल्पविराम. मला त्यातलं काही कळलं नाही आणि कळलं नाही हे सांगायला मी लाजले. तसाच्या तसा डब्याला पाठवून दिला. उत्तर आलं, ओके. मी त्या ओकेवर खूश.

विहिरीतलं पाणी संपलं की मोटर रिकामी फिरते, वीज कमी ओढते. डब्याला ते कळतं आणि मोटर जळू नये म्हणून तो ती बंद करतो. आमच्याकडे विहीर नव्हती, पण पाइप चोंदला की ब्लोअरलाही हवा ओढायला मिळायची नाही, तोही हलका फिरायचा, आणि डबा तो बंद करायचा. मग माझा फोन वाजायचा. ती बाई म्हणायची, "आपल्या विहिरीत पाणी नाही. मोटर बंद केली आहे." मी हे ओरडून सांगितलं की मामा म्हणायचे, "चला, दुष्काळ पडला," आणि मागे जाऊन पंख्याचं झाकण उघडून, हात घालून, अडकलेला भुशाचा बोळा काढायचे. दहा मिनिटांचं काम. झाकण लावलं की मी परत एक दाबायची.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मात्र तो चोंदूनच राहिला होता आणि आम्ही सगळे डबे उघडून बसलो असताना मागे एकदम घोंघावला. कोणी फोन लावला नव्हता. मामा म्हणाले, "आप्पांचा धक्का लागला आसंल फोनच्या बटणाला." मी संध्याकाळी आप्पांना विचारणार होते. ते खताच्या गडबडीत होते. विचारलं नाही. रात्री आठवलं, सकाळी विसरले. माझ्यासारखी बाई, जी कडी तीनदा पाहते, ती हे विसरली.

त्यानंतर आठवड्यानं ब्लोअर बंद पडला तो माझ्यामुळे. माझी छाटलेली पट्टी लांबच्या लांब फरशीवर पडली होती, ती पाइपात ओढली गेली आणि पंख्याला दोऱ्यासारखी गुंडाळली. बाईचा फोन आला, पाणी नाही. मामा मागे गेले. मी विजेरी धरायला गेले. पट्टीवर भुसा बसून ती दगडासारखी झालेली. मामांचा उजवा हात कोपरापर्यंत आत. ते पात्यांच्या मधून एकेक वेढा सोडवत होते आणि मला बोलत होते.

"सासरी लुगडी वाळत घालतात का अशी? का मशीनलाच नेसवती?"

"चुकलं मामा."

"चुकलं म्हणून सुटतंय का ते. विजेरी नीट धर."

ऊन उतरून पाठीवर आलं होतं. पुढे कोणीतरी हातोडी मारत होतं. माझं लक्ष लागत नव्हतं, का ते कळत नव्हतं. मग मामा म्हणाले, "अर्धा तास झाला की गं ह्याच्यात."

अर्धा तास. मला आप्पांचं शेत दिसलं. संक्रांतीनंतर आम्हा सगळ्यांना त्यांनी हुरड्याला नेलं होतं. खाऊन हात धुवायला गेलो तर मोटर बंद पडली, पाणी थांबलं. मी म्हटलं, जाऊन चालू करू का? आप्पा म्हणाले, "बसा ताई. इहिरीला पाझर हाय. अर्ध्या तासात भरती, मग डबा आपला आपण चालू करतो. तशी शेटिंगच केलीय." आणि मेसेजमधला तीसचा आकडा मला आठवला, दोन स्वल्पविरामांच्या मधला.

"मामा, हात काढा."

"थांब, शेवटचा येढा हाय."

"काढा म्हणते ना."

"आगं निघतंय—"

मी विजेरी टाकली, त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि मागे ओढला. वडिलांच्या वयाचा माणूस. आम्ही दोघं मागच्या भुशाच्या पोत्यांवर पडलो. झाकणाच्या कडेनं त्यांचं कोपर सोलून निघालं. ते चिडून म्हणाले, "याड लागलं का तुला?" आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत भिंतीवर खटकन आवाज झाला.

उघड्या झाकणातून पट्टीचे तुकडे बाहेर उडाले. पंखा दिसेनासा झाला, नुसतं करडं वर्तुळ. माझ्या खिशात फोन वाजत होता. मी तो का उचलला माहीत नाही. ती बाई तेवढ्याच गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार, शेतकरी बंधू. आपली मोटर चालू झाली आहे."

मी पळत जाऊन आतला मेन स्विच पाडला. परत आले तेव्हा मामा तिथंच बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, बोटं हळूहळू उघडत-मिटत होती. पाची. मी सांगितलं की मेसेज मी पाठवला होता, मला वाचता आला नव्हता, मी विचारलं नाही. एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "हळद आण आधी." मग थोड्या वेळानं, "वाचता मला बी येत न्हाई. पण मी त्या बाईचा नादच केला न्हवता." ते हसले नाहीत.

आप्पा वडगावहून मोटारसायकलवर आले, अंगावर शेतातलेच कपडे. कोपर पाहिलं, झाकण पाहिलं. मला वाटलं आता मला खोलीत परत जावं लागणार. ते म्हणाले, "मेसेज माझा हुता ताई. इहिरीला जे चालतं ते हितं कसं चालंल, ह्यो इचार मी करायचा व्हता." आणि वायरमनला फोन लावून म्हणाले, डबा काढून ने.

मामा म्हणाले, "काढू नका आप्पा."

"का बरं?"

"दोन म्हयनं झालं सकाळी खोकला कमी हाय. डबा गेला की परत कोन उठतंय का बटण दाबाया?"

आप्पांनी मामांच्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. शेवटी डबा राहिला. वायरमन आला, पुस्तकातली एकेक ओळ त्यानं मला मराठीत सांगितली, मी ती वहीत उतरवली आणि तीसच्या जागी शून्याचा मेसेज माझ्याच हातानं पाठवला. माझ्या नवऱ्यानं सांगितलं की त्यांच्या कंपनीत जो मशीनमध्ये हात घालतो तोच मेन स्विचला कुलूप लावतो आणि किल्ली त्याच्याच खिशात. आप्पांनी दुसऱ्या दिवशी कुलूप आणलं.

तरी माझं काही ठीक झालेलं नाही. ब्लोअर आताही महिन्यातून एकदा तरी चोंदतो. परवाच चोंदला. मामांनी मेन पाडला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, झाकण उघडलं. मी म्हटलं, "किल्ली?"

"हाय."

"खिशात?"

"मग काय कानात?"

मी विजेरी धरली. दहा मिनिटांत काम झालं, पण त्यांनी हात बाहेर काढून परत आत घातला, आतली कड चाचपायला, आणि मी पुन्हा विचारलं. त्यांनी डाव्या हातानं खिशातली किल्ली काढून माझ्यासमोर धरली आणि माझी मान हलेपर्यंत तशीच धरून ठेवली. मग झाकण लावलं.

"उघडू कुलूप?" ते म्हणाले.

मी म्हटलं, थांबा जरा. आधी दोन्ही हात दाखवा.

त्यांनी दाखवले.